रेफ्रीला कळलं होतं का?

दशरथ आप्पांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं कधी कमी पडत नाहीत. शाळेत शिकवत होतो तोवर वेळ नव्हता. पुढे मोतीबिंदू झाला. तो काढल्यावर वाटलं, आता कोणाला पडलंय. खरं कारण एकच होतं. आप्पांबद्दल लिहायचं तर त्यात मला यावं लागतं, आणि मी जिथे येतो ती जागा चांगली नाही.

मागच्या महिन्यात यवतला एका लग्नात जेवायला बसलो होतो. शेजारच्या टेबलावर दौंडची काही मंडळी होती. त्यांतला एक पस्तिशीतला मुलगा बाकीच्यांना रंगवून सांगत होता, "आमच्याकडं एक रेफ्री व्हता. त्याची सासरवाडी शिरूर. फायनलला शिरूरची टीम आली, तर गड्यानं सासऱ्याला आहेर म्हणून गोलच देऊन टाकला!" सगळे हसले. जिलेबी वाढणारासुद्धा थांबून हसला. ती मॅच झाली तेव्हा हा मुलगा पाळण्यात असेल. पण गोष्ट त्याला तोंडपाठ होती. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

आप्पा गेले. त्यांच्यामागून काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी सुमन अक्काही गेल्या. आता माझ्या बोलण्याने त्या दोघांना काही इजा होणार नाही, म्हणून मी धीट झालो आहे. ह्याला धीटपणा म्हणत नाहीत हे मला कळतं. तरी लिहितो.

आप्पा, म्हणजे दशरथ थोरात, दौंडला रेल्वेत फिटर होते. फुटबॉल दौंडला रेल्वेबरोबर आला असं जुने लोक सांगत. आमच्या शिरूर-दौंडकडे एरवी कुस्ती आणि कबड्डी. पण रेल्वेच्या मैदानावर दर हिवाळ्यात फुटबॉलच्या मॅची व्हायच्या आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून टीमा यायच्या. आप्पा त्यांचे रेफ्री. उंच, काळेसावळे, कानावर केस. रेफ्रीला खेळाकडे पाठ करून चालत नाही म्हणून त्यांना उलटं पळायची सवय होती, आणि ती मैदानाबाहेरही सुटली नव्हती. भर बाजारात तुमच्याशी बोलता बोलता ते तुमच्याकडे तोंड करून मागे मागे चालायला लागत. मागून हातगाडी येवो नाहीतर म्हैस येवो, त्यांना बरोबर कळायचं. नवखा माणूस मात्र घाबरून जागीच थांबायचा. "चला की," आप्पा म्हणायचे, "मी बगतोय तुमच्याकडं."

त्यांचं एक वाक्य होतं: "जेवढं बघितलं तेवढंच बोलावं." भांडण, लग्न, निवडणूक, कुठल्याही विषयावर ते हे वाक्य वापरत. गल्लीत कोणी कोणाबद्दल काही सांगायला आलं, की आधी विचारत, "तुम्ही व्हता का तिथं?" निम्म्या गोष्टी तिथेच मरत.

हाच माणूस एका पिक्चरच्या मात्र पार नादी लागला होता. जुना, काळा-पांढरा, हिंदी. नाव सांगत नाही. आमच्याकडे कोणी नावाने ओळखतही नसे, नुसतं 'फुटबॉलचा पिक्चर' म्हणत. एका लहान गावाची फाटकी टीम. गोलकीपर न्हावी, कप्तान हलवाई, जिंकलात तर पेढे आणि हरलात तर उपास अशी त्यांची व्यवस्था. पहिले दोन तास माणूस नुसता हसतो. त्यात एक रेफ्री आहे, गावचा पोस्टमास्तर. त्याला लांबचं दिसत नाही, पण चारचौघांत चष्मा लावायची लाज वाटते. शेवटच्या मॅचला शेवटच्या क्षणी चेंडू गोलाकडे जातो, धूळ उडते, पोस्टमास्तर शिट्टी वाजवतो. गोल! गाव नाचत, ढोल वाजवत निघून जातं.

इथे आमचे प्रेक्षक उठायचे. पिक्चर संपला असं समजून चपला शोधायला लागायचे. पण संपलेला नसायचा. रिकाम्या मैदानात तो पोस्टमास्तर एकटाच उरतो. इकडेतिकडे बघतो, खिशातून चष्मा काढतो, लावतो, गोलाच्या खांबापाशी जाऊन जमिनीकडे वाकून बघतो. मग चष्मा काढून परत खिशात ठेवतो. बस्. काय दिसलं ते दाखवत नाहीत.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी हा पिक्चर रेल्वेच्या हॉलमध्ये फुकट दाखवायचा अशी आप्पांची प्रथा. सुरुवातीला पुण्याहून रिळं यायची, पुढे व्हिडिओ आला. पिक्चर संपला की आप्पा दारात उभे राहायचे, दोन्ही हात चौकटीला लावून. मत सांगितल्याशिवाय बाहेर सोडायचे नाहीत. आणि 'छान' हा शब्द चालायचा नाही. कोणी "छान हाय" म्हटलं की कानाशी शिट्टी वाजायची.

"फाऊल!" आप्पा म्हणायचे. "छान तर लापशी बी असती. पिक्चरचं सांगा."

मग लोक सुटायचे. पारगावचा एक कांदेवाला शेतकरी दरवर्षी यायचा आणि दरवर्षी तेच मत द्यायचा. "गोल झाला नसंल तरी द्यायाच पायजे. गरिबाची टीम हाय. किती दिवस उपाशी ऱ्हायाचं त्यांनी?" त्याच्या मागचा तिकीट तपासनीस चिडायचा. "उद्या विनातिकीट गरीब आला तर सोडून देऊ का?" "द्या की सोडून, तुमच्या बापाची गाडी हाय का?" रांग तुंबायची. मागून बायका ओरडायच्या, पोरं झोपलीत, आम्हाला आधी सोडा. आप्पा शांतपणे म्हणायचे, "मत द्या आन् जावा." एका म्हातारीने एकदा सांगितलं, त्या गोलकीपरची आई कुठं दाखवली नाही, एवढं पोरगं चिखलात पडतंय आणि आई कशी येत नाही. आप्पांनी मान डोलावली. "हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं," म्हणाले, आणि तिला बाजूला सरून वाट दिली.

सगळ्यात शेवटी ते एकच प्रश्न विचारायचे. "रेफ्रीला कळलं व्हतं का? शिट्टी मारली तवा त्याला कळलं व्हतं का, की गोल न्हाई?"

यावर दौंड दोन तट करून बसलेलं होतं. मी शिरूरच्या शाळेत मास्तर, चार पुस्तकं वाचलेला. मी सांगायला लागलो की दिग्दर्शकाने इथे माणसाच्या मनातली संदिग्धता टिपली आहे, वगैरे. शिट्टी वाजली.

"मास्तर, हे पेपरातलं झालं. तुमचं सांगा."

माझं असं काही नव्हतं. मी हसून वेळ मारून नेली.

सुमन अक्का तिथेच दाराशी चहाच्या पातेल्यापाशी असायच्या. त्या माहेरच्या शिरूरच्या, आमच्याच आळीच्या. मला भाऊ म्हणायच्या. त्यांना आप्पांनी कधी मत विचारलं नाही, पण एकदा त्यांनीच न विचारता दिलं. कपात चहा ओतत म्हणाल्या, "त्यानं चष्मा आधीच का न्हाई घातला? लाजत व्हता. गडीमाणसं लाजंपायी समदं घालवत्यात, आन् मंग एकलंच वाकून बगत बसत्यात." हॉल हसला. आप्पांची शिट्टी तोंडातच राहिली.

आता ती मॅच.

त्या वर्षी फायनलला दौंड आणि शिरूर अशा दोन टीमा आल्या. दौंडची टीम रेल्वेतली, कसलेली. आमची शिरूरची म्हणजे मी आणि आणखी एका मास्तराने गोळा केलेली, आजी-माजी विद्यार्थ्यांची. लाईन्समन म्हणजे बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन पळणारा, रेफ्रीचा दुसरा डोळा. दोन्ही गावांचा एकेक लाईन्समन असावा असं ठरलं, म्हणून शिरूरचा म्हणून मी उभा राहिलो. नियम मला येत होते. आदल्या वर्षीही मी झेंडा धरला होता.

मॅचच्या आधी आप्पांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. गोलाच्या जाळ्या हॉलच्या माळ्यावर होत्या, त्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. नुसते खांब आणि वर आडवी दांडी, एवढाच गोल. "जाळी न्हाई," आप्पा म्हणाले. "चेंडू खांबाच्या आतनं गेला का भाईरनं, ते मला लांबनं कळायचं न्हाई. तुमी सांगाल ते खरं. गोल असला तर झेंडा खाली घिऊन मधल्या रेघंकडं पळायचं. नसला तर झेंडा वर. मी तुमच्याकडं बगनार, आन् तुमी बोलाल तशी शिट्टी मारनार."

मॅच शेवटापर्यंत शून्य-शून्य राहिली. माझ्या बाजूला, दोरीपलीकडे, पारगावचा तो कांदेवाला उकिडवा बसला होता. शेंगा फोडत होता. खेळ बराच वेळ पलीकडच्या टोकाला चाललेला. तो म्हणाला, "मास्तर, काल तुमी पळ काढला. खरं सांगा, रेफ्रीला कळलं व्हतं का न्हवतं?"

आदल्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एक मुद्दा सुचला होता. दारात सुचला नाही याची रुखरुख होती. तो मुद्दा मी त्याला सांगायला लागलो. पोस्टमास्तर शिट्टी वाजवतो तेव्हा डोळे बारीक करतो, हे लक्षात आलंय का? डोळे बारीक करतो याचा अर्थ दिसत नाहीये हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे गोल नाही हे त्याला माहीत नव्हतं. पण आपल्याला माहीत नाही, एवढं माहीत होतं. कांदेवाला म्हणाला, "आता हे काय म्हनायचं, जरा इस्कटून सांगा." मी त्याच्याकडे वळून सांगायला लागलो. चांगला जमला होता मुद्दा. अजूनही मला तो चांगला वाटतो, याचीच लाज वाटते.

एकदम आरडाओरडा झाला. मी वळलो तेव्हा गोलापाशी धुरळाच धुरळा होता आणि चेंडू खांबांच्या मागे, बाभळीच्या झुडपात. दौंडचा गोलकीपर हात हलवत नाही, नाही म्हणत होता. आमची पोरं उड्या मारत होती. आणि मैदानाच्या मधून आप्पा माझ्याकडे बघत होते. तोंडात शिट्टी, मान थोडी तिरकी.

मी बघितलं नव्हतं. झेंडा छातीशी धरून नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. आप्पांनी चेंडू टाकून खेळ पुन्हा सुरू केला असता, लोकांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, संध्याकाळपर्यंत विसरले असते. पण माझ्यामागे टेंपो भरून आलेलं शिरूर होतं, माझे विद्यार्थी होते, आणि मी मास्तर होतो. लाईनीवर उभा राहून गप्पा मारत होतो हे कसं सांगायचं? मी झेंडा खाली घेतला आणि मधल्या रेघेकडे पळालो.

आप्पांनी शिट्टी वाजवली.

पुढचं सगळं फार लवकर झालं. लोक आत घुसले. आप्पांच्या भोवती कडं झालं. कोणी त्यांची कॉलर धरली. मी कड्याच्या बाहेर होतो, झेंडा अजून हातात होता. "कुनी बघितला गोल? तुमी हुता का तिथं? तुमचं वाक्य तुमालाच इचारतो आमी!" एक जण ओरडला. आप्पांनी तेव्हा माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. लाईन्समनने सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं; ते खरंही होतं आणि नियमातही होतं. त्यांनी माझ्या दिशेला बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "शिट्टी माझी हाय. काय बोलायचं ते मला बोला."

मग गर्दीतून तो आवाज आला. "शिरूरचा जावई हाय ह्यो! सासऱ्याला आहेर केला!"

लोकांना हसू फुटलं, कॉलर सुटली, मारामारी टळली. पण तो शब्द काही टळला नाही. त्या दिवसापासून आप्पा 'आहेरवाले' झाले. कामावर गेले की कोणीतरी विचारायचं, यंदा सासरी काय, पेनल्टी का? पुढच्या वर्षी मॅचीसाठी पुण्याहून रेफ्री आणला. आप्पांनी तक्रार केली नाही. पिक्चर मात्र दाखवत राहिले, दारात उभे राहत राहिले, आणि शिट्टी आता फक्त 'छान' म्हणणाऱ्याच्या कानाशी वाजायची. लोक मत द्यायच्या आधी एकमेकांना कोपरखळी मारायचे. "रेफ्रीला कळलं व्हतं का?" असं आप्पांनी विचारलं, की मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, "ते तुमालाच ठावं, आप्पा!" आप्पा त्याच्याकडेही मान तिरकी करून बघायचे. "हे मत झालं न्हाई," म्हणायचे. "मत द्या आन् जावा."

मी दर वर्षी जात होतो. न जाणं जास्त दिसलं असतं. माझी पाळी आली की काहीतरी बोलायचो, संगीताबद्दल, नाहीतर त्या न्हाव्याच्या कामाबद्दल. त्या प्रश्नाला मी एकदाही उत्तर दिलं नाही, आणि आप्पांनीही मला तो पुन्हा विचारला नाही. मला सोडताना त्यांचा हात चौकटीवरून जरा लवकर निघायचा, असं मला वाटायचं. वाटलंही असेल नुसतं.

आप्पांचं आप्पा बघून घेत होते. अक्कांचं तसं नव्हतं. नळावर, दळणाच्या गिरणीत, हळदीकुंकवाला, बायका त्यांना 'शिरूरची' म्हणायच्या, आणि त्यात सगळं यायचं. नणंद तर तोंडावर म्हणाली होती, तुझ्या माहेरापायी माझ्या भावाची शिट्टी गेली. अक्का एकदा शिरूरला आल्या होत्या, आईच्या वर्षश्राद्धाला. मला अंगणात गाठून म्हणाल्या, "भाऊ, मला खेळातलं काय बी कळत न्हाई. ह्यांना इचारलं तर म्हंत्यात, शिट्टी मारली, इषय संपला. तुमी लाईनीवर व्हता. तुमी सांगा. तो गोल झाला व्हता का?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. मी म्हणालो, "झाला होता, अक्का."

"देवाची शपथ?"

"देवाची शपथ."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला. "मंग मला कुनाचं काय बी भ्या न्हाई," म्हणाल्या. त्यानंतर त्या नळावर भांडायला लागल्या. कोणी आहेर म्हटलं की ठणकावून सांगायच्या, आमच्या शिरूरचे मास्तर लाईनीवर होते, देवाची शपथ घेऊन सांगितलंय त्यांनी. माझ्या खोट्याला त्यांनी असं घरच्या देवासारखं देव्हाऱ्यात बसवलं. आता ते मोडायचं म्हणजे एकट्या आप्पांना सांगून भागणार नव्हतं.

वर्षं गेली. मैदानाभोवती तारा आल्या, हॉलला कुलूप लागलं, पिक्चर बंद झाला. आप्पांच्या एका डोळ्याची नजर गेली, दुसऱ्याची अर्धी राहिली. मग एक दिवस त्यांचा फोन आला. आवाजात जुना हुरूप होता. त्यांच्या सुनेला, शुभांगीला, तो पिक्चर मोबाईलवर सापडला होता. कोणीतरी पूर्ण टाकला होता, आणि खाली लोकांनी मतं लिहिली होती.

"शेकड्यानं हायेत मास्तर! कुठनं कुठनं लिवत्यात. दुबईवरनं बी हाय एक."

रोज दुपारी शुभांगी त्यांना ती मतं वाचून दाखवायची आणि आप्पा फोनवर मला निकाल सांगायचे. 'बचपन याद आ गया' हे पुष्कळ जणांनी लिहिलं होतं. आप्पा म्हणायचे, "ह्यांचं बालपन समद्यांचं येकाच पिक्चरमदी गेलं का?" काहींनी नुसती बदामाची चित्रं टाकली होती. काहींनी विचारलं होतं, आज कोण कोण बघतंय. त्यावर आप्पा भडकले. "ह्याला मत म्हंत्यात? ही तर हजेरी झाली!" एकाने लिहिलं होतं, रेफ्री बिका हुआ था. त्याच्यावर आप्पा भडकले नाहीत. "शेवट न्हाई बघितला त्यानं," म्हणाले. "चपला शोधत असंल."

माझ्या मुलीने मला मोबाईल घेऊन दिला होता. मी तो पिक्चर उघडला. त्या रकान्यात 'एक प्रेक्षक' या नावाने, एका बोटाने, अर्धा तास खपून लिहिलं: 'चूक रेफ्रीची नव्हती. लाईन्समनने बघितलंच नव्हतं, त्याचं लक्ष बोलण्यात होतं. रेफ्रीने त्याच्यावर विश्वास ठेवला आणि सगळं स्वतःवर घेतलं.' पाठवून दिलं आणि झाडांना पाणी घालायला बाहेर गेलो.  तोंडाने जमलं नाही ते असं तरी जमलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आप्पांना हसू आवरत नव्हतं.

"मास्तर, एक येडं घुसलंय आज. म्हंतंय चूक लाईनमनची व्हती! आवो, पिक्चरमदी लाईनमन हाये कुठं? न्हावी हाय, हलवाई हाय, पोस्टमास्तर हाय. लाईनमन औशदाला न्हाई! ह्यानं कुठला दुसराच पिक्चर बघितला. शुभांगीनं लिवलं त्याला, परत एकदा नीट बघा म्हनून."

खरंच नव्हता. त्या पिक्चरमध्ये लाईन्समन नाहीच. इतक्या वेळा बघूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, कारण मला तो प्रत्येक वेळी दिसत होता.

"असेल कोणी तरी," मी म्हणालो. मीही हसलो. पलीकडून हसणं हळूहळू थांबलं. मग आप्पा म्हणाले, "पर लिवलंय मनापासनं. पेपरातलं न्हाई वाटत." आणि फोन ठेवला.

तेव्हा मी ठरवलं की जाऊन बोलायचं. शिरूरहून न्हावरे, तिथून चौफुला, तिथून दौंड, अशा गाड्या बदलत सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. वाक्य तयार होतं. प्रत्येक गाडीत ते थोडं थोडं कमी करत आणलं होतं; चौफुल्याला त्यात 'परिस्थिती' हा शब्द होता, पाटसच्या पुढे तो गाळला.

आप्पा अंगणात उन्हाला बसले होते. फार वाळले होते. अक्का शेजारी मेथी निवडत होत्या. मला बघून उठल्या, "या भाऊ, म्हायेरचं मानूस आलं," म्हणाल्या, घरात जाऊन पाणी घेऊन आल्या. मी पाणी प्यायलो. अक्का आत गेल्या की बोलू, असं मनाशी म्हटलं. त्या आत जाईनात. तेवढ्यात कोपऱ्यावरचा बाळू पानवाला आप्पांची तंबाखू द्यायला आला. मी कुठला ते त्याने विचारलं. शिरूर म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"आरं तिच्या! सासरचं मानूस! आप्पा, आज काय देता ह्यांना? येक गोल बांधून द्या!"

"बाळ्या," अक्का कडाडल्या. हातातली काडी त्यांनी ताटलीत आपटली. "ह्यांनाच इचार. हेच व्हते लाईनीवर. भाऊ, सांगा ह्याला एकदा. एवढी वर्सं मी येकटीच सांगतीया."

बाळू हसत माझ्याकडे बघत राहिला. अक्का बघत राहिल्या. आप्पांनी मान तिरकी केली, उरलेला डोळा माझ्या बाजूला आणण्यासाठी. वाक्य माझ्या तोंडात होतं. अक्कांच्या बोटांना मेथीचा हिरवा रंग लागला होता, आणि ती बोटं ताटलीवर तशीच थांबली होती.

"झाला होता," मी म्हणालो.

"ऐकलं का?" अक्का म्हणाल्या.

आप्पांनी मान सरळ केली. "सुमन," ते म्हणाले, "च्या ठेव मास्तरांना."

मला सोडायला आप्पा एसटी स्टँडपर्यंत आले. नको म्हटलं तरी आले. माझं कोपर धरून चालत होते. आता उलटं चालणं राहिलं नव्हतं. रेल्वेच्या भिंतीपाशी वर्दळ संपते तिथे ते थांबले.

"तिच्यासमोर बोलला न्हाईत, ते बरं केलं," म्हणाले.

 भिंतीपलीकडे मालगाडी संथ चालली होती. आप्पांनी माझं कोपर सोडलं आणि दोन पावलं मागे सरून माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. "आता कुनी न्हाई हितं," म्हणाले. "बोला."

मी बोललो. "आप्पा, तब्येतीला जपा," असं म्हणालो. दुसऱ्या डोळ्याची औषधं वेळेवर घाला, असंही म्हणालो.

ते थांबले. मालगाडीचे डबे जातच होते. मग "व्हय," म्हणाले, परत माझं कोपर धरलं आणि आम्ही चालायला लागलो.

स्टँडवर चौफुल्याची गाडी लागली होती. मी चढलो, खिडकीपाशी बसलो. ड्रायव्हरने गाडी मागे घेऊन पलीकडच्या फाटकातून काढली. आप्पांना ते दिसलं नसावं. माझी गाडी जिथे होती तिथे आता बारामतीची गाडी येऊन थांबली होती. ते तिच्यासमोर उभे होते आणि तिच्या खिडक्यांकडे बघत हात हलवत होते. त्या गाडीतली एक बाई बाहेर बघून, कोण आहे, अशा चेहऱ्याने हळूच हात हलवत होती.

माझी गाडी रस्त्याला लागली. काच बंद होती, आणि मी काचेशी तोंड नेऊन म्हणत होतो, आप्पा, चेंडू कुठून गेला ते मी बघितलंच नव्हतं. मी बोलत बसलो होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मला लाज वाटली. चुकलो. मला माफ करा.